पत्रा कोणी वाजवला?

मथुराबाई मासळीची पाटी न घेता आल्या, तेव्हाच सहदेव परबला कळायला हवं होतं की आज काहीतरी बिनसलं आहे. पण त्याची नजर आधी त्यांच्या हाताकडे गेली, पापलेटं दिसली नाहीत आणि त्याचा चेहरा पडला. मालाडच्या त्या दोन खोल्यांच्या कचेरीत सहदेवची भूक सर्वांना ठाऊक होती.

"बस मथुरा," शकुताई म्हणाल्या. "आधी पाणी पी. सहदेव, पंखा वाढव."

शकुंतला साळवे यांनी उमेदीची वर्षं एका विमा कंपनीत खोटे दावे हुडकण्यात घालवली होती. नोकरी सोडल्यावर त्या खासगी चौकशा करू लागल्या. दारावर पाटी नव्हती, तरी लोक पत्ता काढत यायचे. सहदेव त्यांचा मदतनीस. तो स्कूटर झकास चालवायचा, अनोळखी माणसाला चटकन बोलतं करायचा आणि निष्कर्ष मात्र हमखास चुकीचा काढायचा. त्याचाही शकुताईंना उपयोग व्हायचा. सहदेवला ज्याचा संशय आला, ते एक नाव तरी यादीतून खोडता यायचं.

"माझे पोरीवर आळ आलाय, शकुताई," मथुराबाई म्हणाल्या. "नमितावर. तिनं बंदूक मारली म्हणतात."

मथुरा तांडेल वर्सोवा कोळीवाड्यातल्या. मालाडच्या बाजारात मासळी विकायच्या आणि शकुताई त्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांची मुलगी नमिता एका लॅबमध्ये नोकरी करून अंधेरीच्या एका क्लबात नेमबाजी शिकत होती. वर्षभर पगारातून बाजूला काढून तिने स्वतःची एअर रायफल घेतली होती. पीसीपी. म्हणजे पंपाने टाकीत आधी हवा भरून ठेवायची आणि मग बार काढत राहायचं. त्या जातीतली ही सगळ्यात साधी, शिकाऊंना परवडणारी. येत्या रविवारी क्लबची निवड चाचणी होती. ती जमली तर नमिता राज्याच्या स्पर्धेला जाणार होती.

आणि काल सकाळी, कोळीवाड्याला लागून असलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत चहा पीत बसलेल्या निमेश संघवीच्या कानाला छर्रा लागला.

"आमच्या आळीत छर्ऱ्याची बंदूक तिच्या एकटीकडेच," मथुराबाई म्हणाल्या. "त्यानं अर्ज लिहून ठेवलाय. आज संध्याकाळी पोलिसात देतो बोलला. क्लबवाले बोलले, पोलिसात नाव गेलं की चाचणी विसर. काल सकाळी पोर माझ्यासंगं बंदरावर होती, शकुताई. पण आईचं कोण ऐकणार?"

"नमिता काय म्हणते?"

मथुराबाईंचे डोळे भरून आले. "तीच तर बोलत नाय. बोलते, मीच मारली असं समजा."

शकुताईंनी चप्पल पायात सरकवली. "सहदेव, स्कूटर काढ."

*

तांडेलांचं घर वाळवणाच्या मैदानाला टेकून होतं. मैदानात बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते. पलीकडे कुंपणाची भिंत आणि भिंतीमागे निमेशची इमारत. घराची खिडकी आणि निमेशची गॅलरी समोरासमोर होती. खिडकी खाली, गॅलरी वर.

सहदेवने खिडकीतून पाहिलं आणि मनातल्या मनात निकाल लावून टाकला. पोरीनेच मारली.

नमिता विशीतली, सडपातळ, ताठ मानेची. तिने खाटेखालची लांब पेटी ओढली. पेटीला कुलूप नव्हतं. आत रायफल होती. सहदेवने कौतुकाने तिच्यावरून हात फिरवला, छर्रा ठेवायच्या खाचेत बोट घातलं आणि बाहेर काढलेलं बोट पॅंटला पुसलं.

"चिकट आहे गो," तो म्हणाला.

"तेल आहे," शकुताईंनी वास घेऊन सांगितलं. "नमिता, हे तेल कोणी घातलं?"

"मीच." नमिताने खाली पाहिलं. "इथं हवा खारी आहे ना. गंज चढतो."

"आणि हा काटा? शून्यावर का?"

"हवा संपली म्हणून."

"नेहमी अशीच रिकामी ठेवतेस?"

नमिताने नजर काट्यावरून काढली. "हो."

"काल सकाळी कुठे होतीस?"

"बंदरावरून मधेच घरी आले. मावशी, कशाला विचारताय? मी बोललेय ना, मीच मारली समजा. आईला उगाच धावाधाव."

"मधेच कवा आली गं?" दारातून मथुराबाई कडाडल्या. "पाटी काय भुतानं उचलली?"

नमिताने पेटी बंद केली आणि खाटेखाली ढकलली. ती खोटं बोलत होती हे सहदेवलाही दिसलं. त्याने त्याचा अर्थ असा लावला, की गुन्हेगार माणूस खोटं बोलणारच.

*

नमिताचा बाप धर्मा मैदानात होता. उजव्या खांद्याला बामाचा वास येत होता आणि तो डाव्याच हाताने बोंबील उलटत होता. काम संपल्यावर त्याने कोयता उचलला, कनवटीला खोचलेल्या तेलकट फडक्याने पातं पुसलं आणि मगच जागेवर ठेवला. मग दाराची कडी जरा कुरकुरली, तर तिच्यावरूनही तेच फडकं फिरवलं.

"खाऱ्या वाऱ्याला लोखंड लागतं खायला," तो म्हणाला. "आमच्यात हत्याराला हात लावला की तेल दिल्याशिवाय ठेवत नाय."

"पोरीच्या रायफलला?"

"ती वस्तू मना आवडत नाय, बाई. घरात आली तवापासून मी तिच्याकडे बघितलं नाय. पोरीनं बंदूक घेऊन काय करायचं हाय?"

मैदानाच्या मधोमध उंच बांबू होता. त्याच्या टोकाला हातभर रुंदीचा पत्रा टांगलेला. गंजून तांबडा झालेला. पत्र्यापासून एक दोरी निघून मध्येच तुटली होती, तिचं कुजकं टोक वाऱ्यावर हलत होतं.

"कावळ्यांसाठी?" शकुताईंनी विचारलं.

"घरातून दोरी ओढायची, पत्रा वाजतो, कावळे उडतात. परवा कुजून तुटली. पुतण्या, प्रितम, वर चढून बांधतो बोलला, अजून येतोय. माझा खांदा धरलाय, हात वर जात नाय. नायतर मीच चढलो असतो."

"मग दोन दिवस कावळ्यांची चंगळ."

"ओरडायचं नि हाकलायचं."

"आणि दोऱ्या नव्हत्या तेव्हा काय करायचे तुमच्यात?"

धर्माचा चेहरा जरा उजळला. "माझे बापाकडे बंदूक होती. नळी मोडून, म्हणजे खाली वाकवून भरायची. कावळ्याला नाय मारायचा, पाप लागतं. पत्र्याला मारायचा. एकदा मोडली की एक बार. दिवसभर मार, जोर तेवढाच. मीपण पोरपणी..." तो मध्येच थांबला. "लई जुनी गोष्ट. जाऊ दे."

सहदेव मान वर करून पत्र्याकडे बघत होता. तांबड्या पत्र्यावर काही ठिपके चकचकत होते, वरून खाली ओळीने उतरलेले. सगळ्यात वरचा, पत्र्याच्या मधोमध बसलेला पोचा चांगला खोल होता, त्याखालचे उथळ होत गेले होते आणि अगदी खालच्या कडेला नुसता ओरखडा.

"ताई, चोची बघा कावळ्यांच्या," तो हसून म्हणाला. "सूड घेतायत."

शकुताईंनी पत्र्याकडे पाहिलं. मग पत्र्याच्या पलीकडे, निमेशच्या गॅलरीकडे.

*

प्रितम मढच्या फेरीबोटीवर तिकिटं फाडायचा. काल सकाळीही तो बोटीवरच होता आणि ते सांगायला अख्खी जेट्टी हजर होती.

"मी बोललो होतो, त्याचा कान उपटीन," त्याने सरळ कबूल केलं. "आमच्या सुक्या मासळीच्या वासावर बोलत होता. पण तोंडाने बोललो हो, मावशी. छर्ऱ्याने नाय."

"रायफल चालवता येते तुला?"

"हवा मीच भरतो तिच्यात. घामटं निघतं. नमिता काटा बघत उभी असते, हिरव्या पट्ट्यात आला की बास. एकदा पंपाचा दांडा कुरकुरला म्हणून तेल लावायला गेलो, तर हातातला डबा हिसकून घेतला. चार दिवस बोलली नाय माझ्याशी." त्याने तिकिटांचा गठ्ठा खिशात कोंबला. "पायजे तर आत्ता भरून दाखवतो."

शकुताईंनी त्याचं मनगट धरलं. "त्या पंपाला हात लावायचा नाही. मी सांगेपर्यंत कोणीही नाही. कळलं?"

प्रितम बावचळला. त्याहून जास्त सहदेव.

"ताई, हाच," परतताना तो कुजबुजला. "बोटीवरून हळूच उतरला असेल."

"खाडीत पोहत?" शकुताई म्हणाल्या.

निमेशच्या इमारतीत तळमजल्यावर मनाली राऊत राहायची. तीही त्याच क्लबातली, आणि निवड चाचणीत नमिताची सगळ्यात तगडी प्रतिस्पर्धी. नमिता बाद झाली तर जागा मनालीची होती. शनिवारी ती नमिताकडे आली होती आणि तिने रायफल हाताळलीही होती. सहदेवला आता तिसरा गुन्हेगार मिळाला.

"माझी रायफल क्लबच्या कपाटात असते," मनाली म्हणाली. "आणि नमिताची मी शनिवारी पाहिली तेव्हा काटा अर्ध्यावर होता. ती कधीच रिकामी ठेवत नाही. आतली सीलं सैल होतात यार, पहिल्याच दिवशी शिकवतात."

"तेल किती दिवसांनी घालता?"

"तेल?" मनालीने त्यांच्याकडे पाहिलं, त्या थट्टा करतायत की काय म्हणून. "आँटी, टाकीत इतक्या दाबाची हवा असते, त्यात साधं तेल गेलं तर भरताना पेट घेऊ शकतं. स्फोट होतो. नमिता तर तेलाचा डबा त्या खोलीतही ठेवू देत नाही. स्प्रिंगच्या जुन्या बंदुका असायच्या ना, त्यांना लोक तेल द्यायचे."

"आणि हवा कमी झाली तर?"

"छर्रा ढेपाळतो. खाली पडायला लागतो. म्हणून तर प्रत्येक वेळी काटा बघायचा."

शकुताईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. सहदेवला या मुलीची पाठ थोपटण्यासारखं काय घडलं ते कळेना.

निमेश संघवी वर सोफ्यावर बसला होता. तिशीतला, गोरागोमटा, कानाला पट्टी. त्याने एका डबीत छर्रा जपून ठेवला होता. शकुताईंनी तो तळहातावर घेतला. जराही चेपला नव्हता, दुकानातून आणल्यासारखा होता.

"कानाला लागून प्लेटीत पडला," निमेश म्हणाला. "बोटभर इकडे असता तर डोळा गेला असता, मॅडम. मी काय चुकीचा बोलतो का?"

"अजिबात नाही. काल सकाळी काय काय झालं, आठवून सांगा."

"मी चहा घेऊन बसलो. तो खालचा पत्रा वाजत होता, ठण्ण, ठण्ण. रविवारी पण झोपू देत नाहीत. मग आवाज हळूहळू बारीक झाला. मग बंद. मला वाटलं, चला, सुटलो. घोट घेतला, तोच कानाला काहीतरी चावलं."

"पत्रा वाजत होता. नक्की?"

"नक्की म्हणजे? मी मोबाईलवर सोसायटीच्या ग्रुपला मेसेज टाकला ना, परत पत्रा सुरू म्हणून."

शकुताई उठल्या. "संध्याकाळी तुमच्या गॅलरीत चार माणसं बोलावली तर चालतील? अर्ज खिशात असू द्या. मी सांगते ते ऐका, मग हवा तिथे द्या."

*

उन्हं उतरली तेव्हा गॅलरीत दाटीवाटी झाली होती. नमिता कठड्याशी, मथुराबाई तिच्या शेजारी, धर्मा दाराजवळ, प्रितम आणि मनाली मागे. शकुताईंनी प्रितमला बांबूवर चढवून पत्रा काढून आणवला होता. तो त्यांनी टीपॉयवर ठेवला.

"परवा या पत्र्याची दोरी तुटली," त्यांनी सुरुवात केली. "अजून कोणी बांधलेली नाही. टोक बांबूवर आहे, खालून हात पोचत नाही. आणि तरी काल सकाळी निमेशभाईंनी पत्रा वाजताना ऐकला. मग पत्रा कोणी वाजवला?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. सहदेवनेही पाहिलं. हा प्रश्न आपल्याला का पडला नाही, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं.

"हे पोचे बघा. पत्रा गंजलेला आणि पोचे चकचकीत. वर्सोव्याच्या हवेत उघडं लोखंड किती टिकतं ते तुम्हीच तांडेलांनी मला सांगितलंत. म्हणजे पोचे ताजे. कालचे. छर्ऱ्यांचे. नेम धरणारा पत्र्याच्या मधोमध धरत होता. पहिला छर्रा बरोबर बसला, खोल. पुढचा खाली, कमी खोल. त्याच्या पुढचा आणखी खाली. शेवटचा कडेला खरचटून गेला. नेम तोच, माणूस तोच, पण दर बाराला बंदुकीतली हवा कमी होत होती. ठण्ण आवाज बारीक होत गेला तो त्यामुळे. त्याच्या पुढचा छर्रा पत्र्याच्या खालून निसटला आणि जाऊन पोचला..."

त्यांनी बोट निमेशच्या कानाकडे केलं.

"म्हणून छर्रा चेपला नाही. अंगात जोरच नव्हता. निमेशभाई, तुमच्यावर कोणी नेम धरला नव्हता. कोणीतरी कावळे हाकलत होतं."

निमेशने पट्टीला हात लावला.

"आता, कोण? प्रत्येक बाराला हवा कमी होते, हे नमिताला माहीत आहे. मनालीला माहीत आहे. प्रितम तर स्वतः हवा भरतो. यांतल्या कोणीही काटा न बघता एवढे बार काढले नसते. काढणारा माणूस बंदूक जाणणारा आहे, नेम पक्का आहे, पण त्याची बंदूक वेगळी. मोडून भरायची, दिवसभर मारली तरी जोर तेवढाच. त्या बंदुकीला काटाच नसतो, मग तो बघणार कशाला?"

धर्माने दाराची चौकट धरली.

"नंतर बंदूक फुसफुसायला लागली. त्याला वाटलं, बिघडली. त्याने आपल्या सवयीप्रमाणे हत्याराला तेल दिलं आणि पेटीत ठेवून दिली. नमिता घरी आली, पेटी उघडली, काटा शून्यावर आणि खाचेत तेल. या घरात हत्याराला तेल दिल्याशिवाय खाली न ठेवणारा माणूस कोण, ते तिला सांगावं लागलं नाही. तिने तेल मीच घातलं म्हणून सांगितलं. जी मुलगी पंपाच्या दांड्याला तेल लावू देत नाही ती. प्रितमने ते सांगितलं त्या क्षणी मला कळलं की ही कोणालातरी पाठीशी घालतेय. आणि प्रितमला ठाऊक आहे, तेल चालत नाही. उरलं कोण?"

"बास, मावशी," नमिता म्हणाली. "मी बोलले ना, मी मारली."

"तू गप बस," धर्मा म्हणाला.

तो पुढे आला.

"मीच मारली ती. बोंबील निम्मे उचलले कावळ्यांनी. खांदा धरलेला, दगडपण मारता येईना. पोरीला बघून बघून खटका कळला होता, नळी खिडकीवर टेकवली नि मारली. शेवटाला पत्रा वाजेना, नुसता फुस्स. मना वाटलं, पोरीनं पोटाला चिमटा घेऊन घेतलेली वस्तू मी मोडली. दिसेल त्या भोकात तेल सोडलं. त्याच्या कानाला माझा छर्रा लागला, हे मना आत्ता कळतंय, बाई. देवाशपथ. फुस्स झालेली गोळी एवढी जाते, हे कुणाला ठावं? पण बंदुकीला हात लावला हे बोलायची मना लाज वाटली. पोर दोन दिवस माझ्यापायी शिव्या खाते आणि मी गप."

मथुराबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आणि ऐका," शकुताई धर्माला म्हणाल्या. "त्या तेलासकट कोणी हवा भरली असती तर तुमचा पुतण्या इस्पितळात असता. नमिता, तुझीही चूक आहे. अशी वस्तू बिनकुलपाच्या पेटीत ठेवतात?"

नमिताने मान हलवली.

निमेशने खिशातून अर्ज काढला. त्याचाही राग खरा होता आणि कानही दुखत होता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "अर्ज देत नाही. पण तो पत्रा परत लावायचा नाही. विषय संपला."

सहदेवला वाटलं, सुटलो. त्याचा हा शेवटचा निष्कर्षही चुकला.

"पत्रा लागणार," धर्मा म्हणाला. "तो माझे बापानं लावलाय, तुमची इमारत नव्हती तवा. त्याच्याशिवाय मासळी वाळत नाय. छर्रा माझा होता, त्याची शिक्षा मी घेतो. पोरीचं नाव खोडा आणि माझं घाला. धर्मा तांडेल. चला, मीच येतो तुमच्यासंगं ठाण्यावर. पण पत्रा आणि पोर, दोघांना यात ओढू नका."

निमेशने पेन काढलं. त्याने नमिताचं नाव खोडलं, पेन कागदावर तसंच टेकवून ठेवलं आणि समोरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग त्याने पेनाला टोपण लावलं.

"रविवारी सकाळी तरी उशिरा वाजवा ना, काका," तो म्हणाला आणि अर्जाचे दोन तुकडे केले.

मथुराबाई तिथेच खाली बसल्या आणि रडल्या. शकुताईंनी त्यांना रडू दिलं.

"पण रायफल?" मनालीने विचारलं. "अख्खी उघडून साफ करावी लागेल. रविवारपर्यंत नाही होणार."

नमिताचा चेहरा उतरला. एवढ्या गडबडीत तिला याचा विसरच पडला होता.

"माझी घे," मनाली म्हणाली. "आपल्या फेऱ्या वेगळ्या आहेत. आधी मी मारते, मग तू. पण माझ्याच रायफलने मला हरवलंस तर बघ हं."

"हरवणारच," नमिता म्हणाली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

धर्मा लेकीजवळ जाऊन उभा राहिला.

"रविवारी," तो म्हणाला, "मी येऊ का बघायला?"

नमिताने बापाकडे पाहिलं. वर्षभरात त्याने क्लबचं नावही काढलं नव्हतं.

"ये," ती म्हणाली. "पण कशालाच हात लावायचा नाय."

धर्माने तिथल्या तिथे, दुखऱ्या खांद्यासकट, दोन्ही हात पाठीमागे बांधले.